उस्तादांचा उजवा

४ फेब्रुवारी

चि. दहा-अकरा हिला मामाचे अनेक आशीर्वाद.

पोहोचल्याचं पत्र आधीच टाकायला हवं होतं, पण सामान लावण्यात पंधरा दिवस गेले. लेकीचं घर चांगलं आहे. गॅलरी आहे, गॅलरीला खुर्ची आहे आणि खुर्चीला मी आहे. चाळीस वर्षं ज्याने एक दुपार रिकामी घालवली नाही, त्याला आता दिवसभर "चहा झाला का?" एवढंच विचारतात. असो.

अक्षर बघून दचकू नकोस, ते तुझ्या मामीचं आहे. मी कच्चं लिहितो, ती पक्कं करते. माझं अक्षर पोस्टमनला झेपत नाही, आणि शाळेतून निवृत्त झाल्यापासून तिला तपासायला वह्या नाहीत. फोन मात्र करू नकोस. फोनवर माणूस हो हो म्हणतो आणि ठेवला की विसरतो. पत्र भिंतीला चिकटवता येतं.

आता कामाचं. दुकानाच्या मागच्या खोलीत तीन खोकी आहेत. त्यात माझी जुनी मोटरसायकल आहे, म्हणजे तिचं इंजिन. बाजारात म्हणतात उस्तादाने ती मोडीत काढली. मोडीत नाही काढली, उघडून ठेवली आहे. दोन वर्षांपूर्वी उघडली, ती तुझ्यासाठी. ते इंजिन तू एकटीने जुळवायचं. हल्लीच्या गाड्यांचं पुस्तक मिळतं, या इंजिनाचं पुस्तक फक्त माझ्या डोक्यात आहे. अडलीस की लिहून विचार.

अट अशी. एप्रिल संपायच्या आत इंजिन चालू झालं, तर दुकान तुझं. नाही झालं, तर शेजारच्या फरशीवाल्याला हो म्हणून टाकतो. दुकान विकत द्या म्हणून तो कधीचा मागे लागलाय. रागावू नकोस. नऊ वर्षं तू माझ्या हाताखाली काम केलंस, तुझा हात चांगला आहे. पण गिऱ्हाईक उस्तादाच्या नावावर येतं आणि उस्ताद इथे गॅलरीत बसलाय. तुझ्या नावावर येईल का, हे मला बघायचं आहे.

सगळ्यात अवघड म्हणजे ऑइल पंप. बाकीचं इंजिन एखाद्या वेळी चूक पोटात घालेल, पण पंप चुकला तर पाच मिनिटांत पिस्टन तापून सिलिंडरला धरेल, आणि हा पिस्टन आता कुणी बनवत नाही. तिथवर पोहोचलीस की थांब आणि मला लिही.

या हाताने बसवलेला एकही पंप आजवर परत उघडावा लागलेला नाही. ही फुशारकी नाही, माहिती आहे.

तुझा मामा


१९ फेब्रुवारी

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

पाकिटावर "दहा-अकरा" लिहायची काय गरज होती? पहिल्या दिवशी मी दहा-अकराचा पाना संध्याकाळपर्यंत हातातून सोडला नाही, म्हणून हे नाव पडलं, ठीक आहे, दुकानात चालतं. आता पोस्टमनही त्याच नावाने हाक मारतो आणि आईला हसू आवरत नाही.

खोकी उघडली. तुम्ही नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत भरलेत, पण एकाही डब्यावर चिठ्ठी नाही! दोन दिवस नुसती जोड्या लावत बसले. परीक्षाच घ्यायची म्हटल्यावर चिठ्ठ्या कशाला ठेवाल म्हणा. तरी क्रँक बसवला, टायमिंगच्या खुणा जुळवल्या, सिलिंडर चढवला आणि वर त्याचं हेडही बसवलं. दुकानाची रोजची कामं सांभाळून हे सगळं केलं, तेवढं मामींनाही सांगा.

फरशीवाला रोज डोकावतो. काल टेप घेऊन आला होता. म्हणाला, "ताई, तुमचं चालू द्या. मी नुसतं माप घेतो." मग दाराशी जाऊन हळूच म्हणाला, "उस्ताद गेले तिथेच दुकान गेलं हो. तुम्ही उगाच जिवाला त्रास करून घेताय." मी पाना फिरवत राहिले. पण त्या दिवशी हाताखालचे सगळे नट जरा जास्तच घट्ट झाले, ते नंतर ढिले करावे लागले.

आता पंप. मुठीत मावणारा पितळी ठोकळा, आत दोन दातेरी चाकं, सगळं शाबूत आहे. पण तो जिथे बसतो तिथे इंजिनाच्या केसिंगला दोन बारीक भोकं आहेत. एक उजव्या कोपऱ्यात, एक डाव्या. पंपाखालच्या जुन्या पॅकिंगचा कागद काढताना हातात चुरा झाला, त्यामुळे त्यात कोणतं भोक उघडं होतं ते कळायला मार्ग नाही. नवीन पॅकिंग मी कापते आहे. कोणतं भोक उघडं ठेवू आणि कोणतं बुजवू, तेवढं सांगा.

तुमची भाची


२८ फेब्रुवारी

चि. दहा-अकरा हिला आशीर्वाद.

बरोबर जागी अडलीस. तिथे न अडता पुढे गेली असतीस तर मला काळजी वाटली असती.

दोन भोकांपैकी एकच खरं आहे. त्यातून तेल क्रँकला जातं आणि तिथून वर पिस्टनला. दुसरं नुसतं टायमिंगच्या खोलीत, म्हणजे टायमिंगची चाकं फिरतात त्या पोकळीत उघडतं. ते का ठेवलं, हे त्या कारखान्यालाच ठाऊक. तेल तिकडे वळलं की तिथेच घोटाळत बसतं आणि पिस्टन तहानेने मरतो. तेव्हा इंजिनासमोर स्टूल घे, पंपाची जागा तोंडासमोर आण, आणि उजव्या कोपऱ्यातलं भोक उघडं ठेव. डावं कागदाने बुजव. उजवं उघडं. दोनदा सांगितलं, आता पुन्हा विचारू नकोस.

पंप कोरडा बसवायचा नाही. तोंडात तेल घालून चाकं हाताने फिरव, बोटाला तेलाचा दाब लागला पाहिजे. बोल्ट एकेक करून आवळू नकोस, समोरासमोरचे थोडे थोडे आवळ.

इंजिन सुरू झालं की तेलाच्या टाकीचं झाकण काढून आत बघ. तेल सगळीकडे फिरून नळीने परत टाकीत पडतं. धार दिसली की पंप लागला समज. पण नव्याने बसवलेल्या पंपाला तेल ओढायला वेळ लागतो. घाबरून बंद करायचं नाही. मनात दोनशेपर्यंत मोज. मी पहिल्या वेळी तीनदा बंद केलं होतं, तर माझ्या उस्तादाने कानाखाली आवाज काढला होता. सांगणाऱ्यावर भरवसा ठेवायला शीक.

इथे गॅलरीखालून रोज एक गाडी जाते. तिचा टॅपेट ढिला आहे. परवा वरूनच ओरडून सांगितलं. तो माणूस थांबला आणि म्हणाला, "आजोबा, तुम्हाला वरून कसं दिसलं?" म्हटलं, "टॅपेट बघायचा नसतो, ऐकायचा असतो." लेक म्हणते, बाबा, लोकांना ओरडू नका.

तुझा मामा


१५ मार्च

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आई म्हणाली, "झालं ते सरळ लिही, मामा काही खाणार नाही तुला." तेव्हा सरळ लिहिते.

रविवारी सकाळी पंप बसवला. सगळं तुम्ही सांगितलंत त्या क्रमाने. तिसऱ्या किकला इंजिन सुरू झालं. काय आवाज होता मामा! समोरचा शिंपी मशीन सोडून बाहेर आला. पानवाला आला, फरशीवाला आला. मी टाकीत डोकावून मोजायला लागले. दहा, वीस, तीस. धार नाही. तुम्ही घाबरू नको म्हणाला होतात, म्हणून घाबरले नाही. पस्तिसाला आवाज बदलला. वाढला नाही, कोरडा झाला. गिरणीत दाणे संपले की होतो तसा. चाळीस झाले आणि मी इंजिन बंद केलं.

फरशीवाला म्हणाला, "बिघडलं ना?"

मी म्हटलं, "बिघडलं नाही. मी बंद केलं."

"तेच ते," असं म्हणून तो गेला. बाकीचेही एकेक करून गेले. शिंपी जाताना माझ्याकडे बघेना, तेव्हा मात्र रडू आलं.

डोळे पुसून पंप उघडला. नळी तोंडात धरून उघड्या ठेवलेल्या भोकात फुंकलं, तर हवा टायमिंगच्या खोलीत निघाली. बुजवलेल्या भोकात फुंकलं, तर क्रँकमधून. म्हणजे मी चुकीचं भोक उघडं ठेवलं होतं.

आता पुढचंही सरळच लिहिते. मामा, तुम्ही उजव्याला डावं म्हणता आणि डाव्याला उजवं. नेहमी. लहानपणी मास्तरांनी तुम्हाला "लिहायचा हात तो उजवा" असं शिकवलं, आणि तुम्ही पडलात डावखुरे. दुकानात आले त्या दिवशीच आईने मला हे कानात सांगितलं होतं. तुमच्या हाताखाली काम केलेल्या सगळ्यांना हे माहीत आहे. तुम्ही उजवा बोल्ट म्हणालात की आम्ही डावा धरतो आणि काम बिनचूक होतं. बाजारात म्हणच पडली आहे, उस्तादांचा उजवा म्हणजे जगाचा डावा. फक्त तुम्हाला कुणी सांगितलं नाही. उस्तादांना चूक कोण दाखवणार? तुम्ही ज्यांना रस्ता सांगितलात, ती माणसंसुद्धा परत सांगायला आली नाहीत.

म्हणून तुम्ही उजवं लिहिलंत तेव्हा मी डावं उघडं ठेवलं. आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा तुमचा उजवा खरोखरचा उजवा निघाला! हे कसं झालं ते मला कळत नाही. पण दोष माझा. फुंकून बघायला दोन मिनिटं लागली असती. मामांनी सांगितलंय, मग बघायचं कशाला, असं वाटलं.

सिलिंडर उतरवून पिस्टन बघितला, ओरखडा नाही. नवीन पॅकिंग कापलं, पंप बसवला, परत सुरू केलं. साठ मोजले तेव्हा धार आली, चांगली करंगळीएवढी. आता इंजिन उत्तम चालतं.

पण तुम्ही दोनशे मोज म्हणालात आणि मी चाळिसाला बंद केलं. तुमच्या दुकानातला पंप पहिल्यांदा परत उघडला, तो माझ्या हातून. हे सांगितलं नसतं तरी कुणाला कळलं नसतं. पण मग रोज शटर वर करताना माझं मलाच खोटं वाटलं असतं. तेव्हा तुम्ही ठरवा. किल्ली फरशीवाल्याला द्यायची असेल तर तसं कळवा, मी देते.

तुमची भाची


२४ मार्च

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

हे पत्र माझंच आहे, कच्चंही आणि पक्कंही. हे जावयाबरोबर पाय मोकळे करायला गेलेत, तेवढ्यात लिहिते.

तुझं पत्र मी यांना वाचून दाखवलं. सगळीच पत्रं वाचून दाखवते. कच्चं लिहितात वगैरे सगळी बतावणी. हे बोलतात, मी लिहिते. दोन वर्षं झाली, यांना अक्षर दिसत नाही. आता तर समोरच्या माणसाचा नुसता आकार दिसतो. डॉक्टर म्हणतात, आहे तेवढं टिकलं तरी खूप. ते इंजिन तुझ्यासाठी उघडलेलं नव्हतं गं. दुरुस्तीला म्हणून उघडलं आणि हे पंपापाशी येऊन थांबले. भोकं दिसेनात. तीन दिवस त्याच्यासमोर बसले, मग एकेक नट चाचपून डब्यांत भरला. मला म्हणाले, "कुणाला बोलशील तर बघ." तुझी परीक्षा घ्यायची होती हे खरं, पण ते इंजिन यांना पुन्हा चालू झालेलं हवं होतं, हेही तेवढंच खरं.

आता माझी चूक. यांनी मला सांगितलं होतं, "लिही, डावं उघडं ठेव." मी तीस वर्षं वह्या तपासल्या. चूक दिसली की माझा हात आपोआप चालतो. लग्नाच्या पहिल्या वर्षी यांना उजवं-डावं एकदा तोंडावर सांगून बघितलं होतं. दोन दिवस बोलले नाहीत, आणि नंतर ते प्रकरण सोयीने विसरलेही. तेव्हापासून मी न सांगता दुरुस्त करते. तशी याही वेळी केली आणि "उजवं" लिहिलं. तू तिकडे स्वतःच उलटं करून घेशील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एकच चूक दोघींनी दुरुस्त केली, म्हणून ती पुन्हा चूक झाली. तुझ्या इंजिनाला काही झालं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं.

पत्रात उजव्या-डाव्याचं आलं तेव्हा यांनी मला थांबवलं. "परत वाच," म्हणाले. परत वाचलं. मग विचारलं, "तुला माहीत होतं?" मी हो म्हटलं. आज पाच दिवस झाले. चहा घेतात, गॅलरीत बसतात, दुकानाबद्दल चकार शब्द नाही. मध्ये फरशीवाल्याचं पत्र आलं, एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात उत्तर हवं म्हणतो. ते ऐकलं आणि पाकीट खिशात घालून ठेवलं. तू यांना पुन्हा लिही. फक्त माफी मागू नकोस, माफी यांना मानवत नाही.

तुझी मामी


१ एप्रिल

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

मामींनी मला सगळं कळवलं आहे. हे पत्र त्याच वाचतील, तेव्हा आधी त्यांच्याशी बोलायला लागा.

मी माफी मागत नाही. मागच्या पत्रातला शब्दही मागे घेत नाही. पण एक गोष्ट सांगायची राहिली. गेली दोन वर्षं तुम्ही पाना पुढे करून विचारायचात, "सांग बघू, कितीचा आहे?" कार्ब्युरेटरचा जेट दाखवून म्हणायचात, "यावर काय लिहिलंय?" मला वाटायचं तुम्ही माझी परीक्षा घेताय. मी ऐटीत उत्तरं द्यायचे! मला एकदासुद्धा शंका आली नाही, कारण गाडी तुमच्या हाताखालून नीट होऊनच जायची. परवा मी बाजारभर फिरून विचारलं. तुम्ही शेवटच्या वर्षी केलेल्या एकाही गाडीबद्दल कुणाची तक्रार नाही. म्हणजे ती सगळी कामं तुम्ही हाताने आणि कानाने केलीत. मामा, मी दोन दिवस छाती काढून चालते आहे आणि का, ते कुणाला सांगता येत नाही. तुम्ही परवानगी दिलीत तर सांगीन.

दुकानाचं म्हणाल तर दया म्हणून देऊ नका. मामींचा जीव तुटतो म्हणूनही नको. मला काम येतं असं वाटत असेल तर द्या, नाहीतर राहू द्या. मी दुसरीकडे काम बघीन. पाने माझे आहेत आणि हातही माझेच आहेत. फरशीवाला म्हणाला, माझ्याकडे गल्ल्यावर बसा. मी म्हटलं, विचार करते. विचार केलेला नाही.

इंजिन रोज सकाळी सुरू करते. शिंपी आता बाहेर येऊन उभा राहतो. काल त्याने त्याच्या मेहुण्याची गाडी माझ्याकडे पाठवली. "उस्तादांच्या दुकानात जा" असं नाही म्हणाला, "समोर ती पोरगी आहे, तिला दाखव" असं म्हणाला. मी आतून ऐकलं.

तुमची भाची


१० एप्रिल

चि. दहा-अकरा हिला आशीर्वाद.

तुझ्या मामीला बजावलंय, बोलतो तसंच लिही, दुरुस्ती नको. उजवं म्हटलं की उजवं लिही, मग ते कुठलंही असो. हसतेय. "हसतेय" असंही लिही म्हटलं, तेव्हा कुठे लिहिलं.

गप्प होतो तो रागाने नाही. चाळीस वर्षांत किती लोकांना भलत्या रस्त्याला लावलं ते आठवत होतो. एकदा एक जण लग्नाचं कार्यालय विचारत आला होता, अंगावर नवा कोट, बहुतेक नवरदेवच असावा. त्याचं पुढे काय झालं असेल? आणि तुम्ही सगळे माझा शब्द उलटा करून माझी कामं सरळ करत राहिलात, मला पत्ताही लागू दिला नाहीत. याला मान म्हणायचं की भीती, ते अजून ठरत नाहीये. तू तेवढी तोंडावर बोललीस. ऐकायला मुळीच आवडलं नाही. पण तुझं पत्र मी मामीला आणखी दोनदा वाचायला लावलं आणि दोन्ही वेळा एकाच जागी थांबवलं. जिथे तू चाळिसाला इंजिन बंद केलंस तिथे.

दोनशे मोज, असा उस्तादाचा हुकूम होता. समोर बाजार उभा, फरशीवाला उभा, दुकान पणाला लागलेलं. तुझ्या जागी मी असतो तर दोनशे मोजले असते. खरं सांगतो. पिस्टन धरेपर्यंत मोजत राहिलो असतो आणि वर म्हणालो असतो की मला सांगितलं तसंच मी केलं. तू आवाज ऐकलास. "कोरडा झाला" असं लिहिलंस. हा शब्द मी तुला शिकवलेला नाही. तो आवाज ओळखायला मला बारा वर्षं लागली आणि त्यात एक इंजिन गेलं. ते मी फुशारकीत धरत नाही.

म्हणजे अट मीच चुकीची घातली होती. इंजिन चालू झालं तर दुकान तुझं, असं लिहिलं होतं. चालू काय, कुणीही करतं. तू ते बंद केलंस, म्हणून दुकान तुला देतोय. दयेबियेचं मनात आणू नकोस. दया माझ्याकडे कधी नव्हती, मामीला विचार. ती मान हलवतेय, हेही लिहिलंय तिने.

डोळ्यांचं बाजारात खुशाल सांग. उलट सांगच. उस्तादाने शेवटचं वर्ष न बघता काढलं, हे ऐकून कोण काय म्हणालं ते मला सविस्तर कळव. आणि ते ऐकून झालं की सांग, माझी भाची त्याच्या पुढची आहे. तुला स्वतःबद्दल असं सांगायला लाज वाटेल, म्हणून आईला सांगायला लाव. माझी बहीण आहे, आवाज माझ्यासारखाच आहे.

फरशीवाल्याला काल पत्र टाकलं. माणूस चांगला आहे, म्हणून फार लांबण लावली नाही. एवढंच लिहिलं, की दुकान रिकामं नाही, तिथे मालकीण बसते.

तुझा मामा